चौऱ्याऐंशीची टिकटिक

माझा कान ही काय चीज आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काय काय घडलं ते ऐकताना तुम्हाला माझी थोडी तरी कीव येईल.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळलं की मी हातातला पाना न सोडता आणि मान वर न करता सांगायचो, चेन सैल आहे, मागचा ब्रेक घासतोय आणि टॅपेट वाजतंय. गाडी दारात येऊन उभी राहीपर्यंत निदान तयार! इतर मिस्त्री टॅपेटची फट मोजायला पत्ती घालतात. माझी पत्ती पेटीतच गंजली. संध्याकाळी हाच कान घेऊन मी 'पंचगंगा बीट्स' या आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायला जायचो. तेव्हा पॉप गाण्यांचा जमाना होता. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कारखान्याचं संमेलन, पब्लिकला तीच गाणी लागायची आणि कॅसेटवर असतात तश्शीच लागायची. मी ज्या लयीत गाणं उचलायचो त्याच लयीत खाली ठेवायचो, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"देवानं मला अक्कल बेताची दिली असेल, पण कान दिलाय," असं मी चारचौघांत सांगत असे आणि चारचौघं मान डोलवत असत. त्यांनी वाक्याच्या पहिल्या भागालाही मान डोलवली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

२००४ सालच्या एप्रिलमध्ये कबनूरचा जोतीराम गाडी घेऊन आला. जोतीराम यंत्रमागावर कामाला. पंचवीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यामुळे तो स्वतः ओरडून बोलतो आणि समोरच्यानंही ओरडावं अशी त्याची अपेक्षा असते. आला होता फक्त ऑइल बदलायला. मी गाडी चालू केली आणि थबकलो. आतून बारीक टिकटिक येत होती. साध्या माणसाला कळलीही नसती, पण मी म्हणजे मीच! टॅपेट आवळलं, टिकटिक तशीच. टायमिंग चेन बघितली, टिकटिक तशीच. मग मात्र माझ्यातला कलावंत पेटून उठला. हेड उतरवलं, पिस्टन काढला, दुपारपर्यंत जोतीरामचं अख्खं इंजिन रॉकेलच्या ट्रेमध्ये आंघोळ करत होतं.

ही टिकटिक कधीपासून आहे, असं मी त्याला ओरडून विचारलं.

"मला न्हाय बा ऐकू येत!" तो ओरडला. "पर तुमी म्हंताय म्हंजी आसंल की!"

दुसऱ्या दिवशी गणपतराव गुरुजी पंक्चर काढायला आले. पंक्चर काढलं, जाताना त्यांनी किक मारली आणि पुन्हा तीच टिकटिक! मी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. गुरुजी म्हणाले, अहो, मला शाळा आहे. मी म्हणालो, गुरुजी, शाळा उद्याही असेल, इंजिन नसेल. गुरुजी चालत गेले. त्यांचं इंजिन दुसऱ्या ट्रेमध्ये गेलं.

तिसरा आमच्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला सम्राट. ऑर्केस्ट्राची सगळी व्यवस्थाही तोच बघतो. त्याची गाडी महिन्याभराची कोरी, तो आरसा घट्ट करून घ्यायला आला होता. त्याच्याही गाडीत टिकटिक! सम्राट खाली वाकला, कान लावला आणि काही वाजत नाही म्हणाला. मी त्याला सुनावलं की तुझा कान कीबोर्डाचा, बटण दाबल्याशिवाय त्यात काही वाजायचं नाही. तो बिचारा रिक्षानं गेला. तिसरा ट्रे नव्हता म्हणून मी घरातली पिठाची परात आणली.

चार वाजता माझी बायको शांभवी चहा घेऊन आली. ती परातीकडे बघत उभी राहिली. ती परात तिच्या माहेरची होती. तिनं तोंड उघडायच्या आत मी बोट वर केलं.

"गप ऐक. येतीया का टिकटिक?"

"कशाची?"

"इंजिनाची. दुसऱ्या कशाची?"

तिनं दोन ट्रेंकडे पाहिलं, मग परातीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, तिन्ही इंजिनं रॉकेलात हायती."

कप माझ्या हातात तसाच राहिला. टिकटिक चालू होती. मी गॅरेजच्या बाहेर गेलो, ती बाहेर आली. मोरीत गेलो, ती मोरीत आली. दोन्ही कानांत बोटं घातली तर ती आणखी ठळक झाली. उजव्या कानाच्या आत, खोल कुठेतरी, मिनिटाला चौऱ्याऐंशी. मी मोजली. हातात घड्याळ धरून पाच वेळा मोजली, पाचही वेळा चौऱ्याऐंशी.

खरं सांगतो, मी घाबरलो. गॅरेज कानावर, ऑर्केस्ट्रा कानावर, पेठेतली पत कानावर. माझ्याकडून कान काढून घेतला तर मागे काय उरतं? बेताची अक्कल!

तिन्ही इंजिनं पुन्हा बसवायला दोन दिवस लागले. गिऱ्हाइकांना सांगितलं की आतून बारीक काम होतं, झालं. गुरुजींनी पुढचं पंक्चर दुसरीकडे काढलं. जोतीराम मात्र गाडीवर बसून खूश झाला. "आता कशी गप चालतीया!" म्हणाला. एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि कुठलं इतकं बोचलंही नव्हतं.

आठवड्यानं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचं स्नेहसंमेलन होतं. मी कानात कापूस कोंबून गेलो. कापसानं बाहेरचा आवाज कमी झाला आणि आतला वाढला. पहिलं गाणं संथ होतं. मी ते बरोबर उचललं, पण टिकटिक मला ओढायला लागली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं चौऱ्याऐंशीवर गेलं. गाणारी निशिगंधा विरहाचं गाणं बस चुकत असल्यासारखं म्हणत होती. दुसरं गाणं नाचाचं, पळतं. ते मी उतरवत उतरवत पुन्हा चौऱ्याऐंशीवर आणलं. स्टेजवर नाचणाऱ्या पोरांनी एक पाय उचलला आणि पुढचा ठोका येईपर्यंत ती तशीच बगळ्यासारखी उभी राहिली. हा कारखाना मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मापं घेणाऱ्या लोकांचा. जेवणाच्या वेळी त्यांचा मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाला की आमच्याकडे असा पार्ट आला तर आम्ही लाल रंग मारून बाजूला ठेवतो.

कार्यक्रम उरकून आम्ही परतलो. मंगळवार पेठेत उतरल्यावर सम्राट म्हणाला, "मिस्त्री, गणपतीच्या सुपाऱ्या यायला लागल्यात. मी कीबोर्डातला रिदम लावतो. तुमी जरा इस्वाटा घ्या."

इस्वाटा! म्हणजे विश्रांती! बटण दाबलं की वाजणारा डबा माझ्या जागी! मी घरी येऊन शांभवीला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला कानाच्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. कान स्वच्छ, पडदा शाबूत. मग ते म्हणाले की एक गोष्ट महत्त्वाची. हा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर आतल्या एखाद्या रक्तवाहिनीचा दोष असू शकतो. वेगळा येत असेल तर फारशी काळजी नाही. नाडी बघू. त्यांनी मनगट धरलं. नाडी शहात्तर, टिकटिक चौऱ्याऐंशी. वेगळी! मी सुटकेचा श्वास सोडला. पण 'रक्तवाहिनी' हा शब्द तोवर माझ्या पोटात उतरला होता. भीतीनं नाडी वाढायला लागली. ऐंशी. ब्याऐंशी. आणि आली की बरोबर चौऱ्याऐंशीवर! नाडी आणि टिकटिक हातात हात घालून चालायला लागल्या. मी ओरडलो, "डॉक्टर, जुळली!" आणि त्या धक्क्यानं नाडी शंभरच्या पुढे निघून गेली. डॉक्टरांनी तीन वेळा मोजून पाहिलं. शेवटी हात सोडून म्हणाले की तुम्ही असे आहात तोवर नाडीवरून काही ठरणार नाही. आपण डोक्याचा एमआरआय करू.

एमआरआयचं मशीन तेव्हा आमच्याकडे नवलाईचं. आम्ही चौघं गेलो. मी, शांभवी, माझी आई (आम्ही तिला अव्वा म्हणतो) आणि जोतीराम. जोतीरामला कुणी बोलावलं नव्हतं, पण कोल्हापुरात दवाखान्याला सोबत मागावी लागत नाही.

तिथला तंत्रज्ञ आकाराम नावाचा धिप्पाड, शांत माणूस होता. तो फॉर्म भरायला बसला. अंगात कुठे लोखंड गेलंय का, हा पहिला प्रश्न. साध्या माणसानं 'नाही' म्हणून विषय संपवला असता. मी बिनचूकपणावर जगणारा माणूस! एक्क्याण्णव साली डाव्या अंगठ्यात ड्रिलचा कण घुसला होता, तो निम्माच निघाला असावा. चौथीत असताना टाचेत खिळा गेलता. ग्राइंडरवर काम करताना डोळ्यांत ठिणग्या किती गेल्या त्याची गणतीच नाही. आकारामनं समास भरला, मग कागद उलटा केला, मग पेन खाली ठेवलं.

"पावणं," तो म्हणाला, "तुमाला आत घाटलं तर मशीन तुमाला सोडायचं न्हाय."

म्हणून आधी एक्स-रे. डोळ्यांचा, अंगठ्याचा, टाचेचा. सगळं साफ निघालं. तेरा वर्षं मी ज्या अंगठ्याला जपत होतो त्यात काही नव्हतंच.

मग अंगावरचं लोखंड, चांदी, सोनं सगळं काढायचं. माझ्या गळ्यात करडगं, म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, असतं. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नाही हा आमच्या घरचा नेम, आणि चांदी आत न्यायची नाही हा मशीनचा. माझी पंचाईत झाली. अव्वानं एक क्षण विचार केला. मग पिशवीतून पांढरं कापड काढलं, करडगं उघडून लिंग त्या कापडात बांधलं आणि माझ्या गळ्यात घालून रिकामं चांदीचं करडगं आपल्या ओंजळीत घेतलं. आकारामनं छोटं लोहचुंबक त्या कापडाजवळ फिरवलं, हलकेच हात जोडले आणि म्हणाला, "चालतंय की, आज्जी." इतका मोठा प्रश्न दोन मिनिटांत सुटला, तेव्हा मला वाटलं की उरलेलं काम आता सोपं आहे.

मी त्या बोगद्यात आडवा झालो. डोक्याभोवती पिंजरा. हातात एक रबरी फुगा दिला, जुन्या रिक्षाच्या भोंग्याला असतो तसा. काही त्रास झाला तर दाबायचा. आकारामनं बजावलं की एक मिलिमीटर हललात तरी फोटो बाद. मी मनात म्हटलं, बाबा, मिलिमीटर कुणाला शिकवतोस!

मशीन सुरू झालं. टक, टक, टक, टक. मग घर्रर्र. मग टकाटक टकाटक. तुम्हाला म्हणून सांगतो, इतका पक्का ठेका मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. थकणं नाही, ओढणं नाही! वाजवणाऱ्यालाच त्याचं मोल कळतं. दोन मिनिटं मी दगडासारखा पडून राहिलो. तिसऱ्या मिनिटाला माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. मग पाऊल. मग गुडघा. पाय हलला की कंबर हलते आणि कंबर हलली की डोकं कुठे जाणार? कानात आकारामचा आवाज आला की पावणं, पाय. मी पाय आवरला तर मान डोलायला लागली.

पहिले फोटो बाद. पडद्यावर माझ्या मेंदूच्या जागी पातळ पिठलं दिसत होतं, असं शांभवी नंतर म्हणाली.

आकारामला युक्ती सुचली. काही पेशंट मशीनच्या आवाजाला भितात, त्यांच्यासाठी त्याच्याकडे हेडफोन होता आणि गाणी होती. त्यानं भल्या मनानं माझ्या कानांवर एक पॉप गाणं सोडलं. नेमकं ते, जे मी शंभर कार्यक्रमांत वाजवलेलं! त्याच्या टेपचा पट्टा ताणलेला असावा, गाणं जरा पळत होतं. म्हणजे गाणं एका लयीत, मशीन दुसऱ्या लयीत आणि माझी टिकटिक चौऱ्याऐंशीत. तीन ठेके एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि त्यांच्यामध्ये मी! पाय बांधून घातल्यासारखे धरले होते, मान पिंजऱ्यात. सगळी ताकद कुठे गेली ते मला कळलंच नाही. ती उजव्या हातात गेली होती. मी त्या गाण्याचा ठेका रबरी फुग्यावर धरला होता.

फुगा दाबला की बाहेर धोक्याची घंटा वाजते. ती बाहेर समेवर वाजायला लागली. अव्वानं भिंतीला डोकं टेकलं. दोन नर्स धावत आल्या. जोतीरामला घंटा ऐकू आली नाही, पण नर्स पळताना दिसल्या. तो तडक समोरच्या फोनच्या दुकानात गेला आणि पेठेत कुणाला तरी ओरडून सांगितलं की मिस्त्रीचं डोकं आत अडकलंय. मला बाहेर ओढलं तेव्हा आकाराम घामाघूम झाला होता. काय होतंय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, तुमची टेप पळतीया, पट्टा बदला.

त्यानं हेडफोन गुंडाळून ठेवला. मग शांभवीला बाजूला घेऊन बोलला. दोनदा झालं. आता एकदाच करून बघतो, पुढचे पेशंट थांबलेत. जमलं नाही तर भूल द्यावी लागेल, ती सोय इथे नाही, पुण्याला न्यावं लागेल. तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. तोवर डोक्यात काय आहे ते कळणार नाही.

मी ते ऐकलं. कान शाबूत असल्याचा हा एक तोटा! आता माझी सगळी मिजास उतरली होती. गाऊन घालून बाकावर बसलेला, चाळिशीला आलेला माणूस, आणि ज्या ठेक्याच्या जोरावर आयुष्यभर मिरवलो तोच ठेका मला सोडेना. मी शांभवीला म्हणालो की मला जमायचं नाही.

"मी पाय धरते," ती म्हणाली.

आकाराम म्हणाला की नातेवाईक आत थांबू शकतात, पण अंगावर धातू चालत नाही. शांभवीनं कुड्या काढल्या, केसांचे आकडे काढले, आकारामनं दिलेला गाऊन घातला. हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या ठेवल्या. पायातली जोडवी चौदा वर्षांत निघाली नव्हती. नर्सनं साबण लावून लावून ती काढली, बोटं लालबुंद झाली. राहिलं मंगळसूत्र. तिथे तिचा हात थांबला. नवऱ्याच्या डोक्याचा फोटो निघतोय आणि त्याच वेळी गळ्यातलं मंगळसूत्र काढायचं! मला वाटलं, आता अव्वा नको म्हणणार. अव्वा नेमधर्माची पक्की. ती उठली, सुनेच्या मागे गेली, स्वतःच्या हातानं फासा सोडवला आणि मंगळसूत्र माझ्या करडग्याशेजारी ओंजळीत घेतलं.

"दोन्ही माझ्यापाशी हायती," ती म्हणाली. "जावा दोघंबी."

तिसऱ्या वेळी मशीन सुरू झालं तेव्हा माझ्या दोन्ही पायांचे अंगठे शांभवीच्या मुठीत होते. टक, टक, टक, टक. अंगठा जरा वळवळला की तिचं नख रुतायचं. पहिली पाच मिनिटं मी नुसता दात आवळून पडलो. मग माझ्या लक्षात आलं की तिचे हात गार पडलेत आणि थरथरतायत. मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. परातीत इंजिन पाहूनसुद्धा ती घाबरली नव्हती. त्या थरथरीला काही लय नव्हती, काही मोजमाप नव्हतं. ती थांबावी म्हणून मी पाय जास्तीत जास्त स्थिर ठेवत राहिलो. मशीन बाहेर काय वाजवत होतं ते मला आता आठवतही नाही. बावीस मिनिटं झाली, असं नंतर आकारामनं सांगितलं.

"पावणं," तो माईकवरून म्हणाला, "फोटू असा आलाय, की फ्रेम करून लावावा."

घरी आलो तर गल्लीत ही गर्दी! जोतीरामच्या फोनवरून पेठेनं माझं ऑपरेशन उरकून टाकलं होतं. कुणी नारळ घेऊन आलेलं, कुणी आपली दुरुस्तीला टाकलेली गाडी परत न्यायला आलेलं. मी आपल्या पायांनी चालत आलो तेव्हा काहींचा जरा विरसच झाला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. रात्रभर आमच्यापैकी कुणी नीट झोपलं नाही. सकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. एक एक खिडकी बघत ते हूं हूं करत होते आणि प्रत्येक हूंला माझी नाडी कुठल्या कुठे जात होती. शेवटी त्यांनी फिल्म खाली ठेवली. रक्तवाहिन्या चांगल्या, नस चांगली, मेंदू चांगला. कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान एक स्नायू असतो, तो फडफडतोय. डोळ्याची पापणी लवते ना, तसंच. गॅरेजमधला गोंगाट, ऑर्केस्ट्राचा गोंगाट, अपुरी झोप. विश्रांती घ्या, आठ-दहा आठवड्यांत आपोआप जाईल.

"कान जाणार न्हाय न्हवं?" मी विचारलं.

"कान तुमच्यापेक्षा धडधाकट आहे," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकलं आणि चक्क रडलो. लाज वाटायचं भानही राहिलं नाही. शांभवीनं मंगळसूत्र घातलेलं होतं, ते ती मुठीत धरून बसली होती. बाहेर आल्यावर आम्ही दोघं उसाचा रस प्यायलो. दोन दोन ग्लास. इतका गोड रस मी पुन्हा कधी प्यायलो नाही.

पुढचे दिवस मी गॅरेजमध्ये कानावर भरवसा ठेवला नाही. गंजलेली पत्ती घासून काढली आणि प्रत्येक टॅपेट मापानं लावलं. सांगायला बरं वाटत नाही, पण गाड्या आधीपेक्षा चांगल्या चालायला लागल्या. सम्राटलाही मी जाऊन सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, डब्यातला रिदम निशिगंधाला पसंत न्हाय. ती श्वास घ्यायला थांबली तरी त्यो थांबत न्हाय. तुमी बरं व्हा आणि या." मी महिनाभर सरावाला नुसता बसून राहिलो, ऐकत.

घरात मात्र टिकटिकीचा पहारा चालू होता. सकाळी उठल्यावर मोजायची, झोपताना मोजायची. चौऱ्याऐंशी. पुढे ऐंशी. पुढे कधी लागायची, कधी थांबायची, पुन्हा लागायची. जुलैत पाऊस लागला, गाड्यांची कामं वाढली, गणपतीच्या गाण्यांची तयारी सुरू झाली. एके दिवशी संध्याकाळी जेवताना शांभवीनं सहज विचारलं की टिकटिक कशी आहे.

मी घास हातात धरून ऐकलं. फोडणीचा वास होता, अव्वाच्या खोकल्याचा आवाज होता, बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. उजव्या कानात काही नव्हतं. पुन्हा ऐकलं. काही नाही! मी उठून मोरीत गेलो, बोटं कानात घातली, श्वास रोखला. नुसती शांतता. मी परत येऊन पाटावर बसलो आणि मला हसूच आवरेना.

"गेली!" मी म्हणालो. "पार गेली की!"

"व्हय की," ती म्हणाली.

तिच्या त्या 'व्हय की'नं मी चरकलो. मग मी आठवायला लागलो, नक्की कधी गेली? आज सकाळी मोजली होती का? काल? आठवेना. मिनिटाचे ठोके मोजणारा मी, आणि एवढी जिवावरची गोष्ट संपली त्याचा मला पत्ता नव्हता.

"मंगळवारी गेली," शांभवीनं भाकरी वाढता वाढता सांगितलं. "दुपारी जेवताना. तीन महिनं तुमची मान उजवीकडं कललेली होती, झोपंत सुदीक. मंगळवारी दुसरी भाकरी मोडताना ती सरळ झाली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं, तुमाला कळलं आसंल. कान तुमचा हाय न्हवं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. खाली मान घालून जेवलो. त्या दिवशी शनिवार होता.